साबुदाण्याला नापास करणारी बाई

उपवासाच्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये जितकं खाल्लं जायचं, तितकं एरवी कधीच नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण कोणीतरी मोहाडीच्या आमच्या शाळेतच बसून रचली असावी, अशी मला दाट शंका आहे. रोज दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी आणणारे सज्जन त्या दिवशी मोठाले डबे घेऊन यायचे. साबुदाण्याची उसळ, वर शेंगदाण्याचा कूट, बाजूला बटाट्याचा चिवडा, आणि शेवटी 'अंगात त्राण राहत नाही हो' म्हणून दोन केळी. व्हॉट्सॅपवर सकाळीच बेलाच्या पानाचे फोटो टाकून झालेले असायचे. देवावर एवढे उपकार करून झाल्यावर माणसाला भूक लागणारच.

अशा वेळी दारातून लांजेवार मॅडम आत यायच्या आणि घास हातातल्या हातात थांबायचे.

मॅडम आमच्या शाळेच्याच ज्युनिअर कॉलेजला गृहविज्ञान शिकवायच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, कडक सुती साडी, पदराला एकच मोठी पिन. दुसऱ्याच्या डब्याचं झाकण न विचारता एका बोटानं उचलायची त्यांना खोड होती. बाईमाणूस, त्यात वयानं मोठी, म्हणून कोणी बोलत नसे. झाकण उचलायच्या, आत पाहायच्या आणि डॉक्टर जसा वाईट बातमी देण्याआधी थांबतो तशा थांबायच्या.

"हे काय आहे?"

"साबुदाणा, मॅडम. सोमवार आहे ना."

"साबुदाणा कशापासून होते, सांगा."

हा प्रश्न एकदा त्यांनी आमच्या कृषी विषयाच्या शिक्षकालाच केला. या गृहस्थाला खतांची नावं झोपेत विचारा, तो सांगेल. तो म्हणाला, "झाडाले लागते ना, मॅडम. दाणे असतात."

मॅडम खुर्चीत बसल्या. बसून हसल्या. त्यांचं हसणं ऐकून घेण्यापेक्षा शिव्या बऱ्या, असं आमच्या सगळ्यांचं मत होतं.

"कंद असते सर, कंद. तिकडे दक्षिणेत होते. जमिनीतून काढतात, किसतात, धू धू धुतात, अन् त्यात जे काही चांगलं असेल ते पाण्यासोबत जाऊ देतात. मंग जो पांढरा गाळ राहते, त्याच्या गोळ्या करतात. तुम्ही गाळ खाऊन राहिले. अन् ज्या ताकदीच्या गोष्टी करता ना, ती शेंगदाण्याची आहे. मेहनत शेंगदाण्याची, नाव साबुदाण्याचं. आपल्या शाळेत जसं चालते तसं."

शेवटचं वाक्य मुख्याध्यापकांकडे पाहून होतं. मुख्याध्यापकांनी डबा बंद केला.

सगळ्या कंदांचा निकाल मॅडमनी लावून ठेवला होता आणि तो त्या कुठेही, कोणालाही वाचून दाखवायच्या. लग्नात, मयतीत, बँकेच्या रांगेत. साबुदाणा नापास, आणि फेरपरीक्षेलाही बसू देणार नाही. बटाटा पास, पण सालासकट उकडलेला असला तर. तुपात तळला की कॉपी करताना धरला समजायचं. कोचई, म्हणजे अळकुड्या, सेकंड क्लास. सुरण फर्स्ट क्लास, पण वागणूक खराब. आणि वर्गात पहिलं रताळं. "गरिबाचं पोर आहे, मातीत लोळते, पण जसं निघालं तसं ताटात येते. आतून केशरी निघालं तर डोळ्यालेही चांगलं. पांढरं निघालं तरी तुमच्या त्या गाळापेक्षा लाख पटीनं बरं." मग त्या बोट वर करून म्हणायच्या, "पण रक्तासाठी हे सगळेच नापास. रक्त पायजे असेल तं पालेभाजी खा, डाळ खा, अंडं खा. जमीन खोदून रक्त नाही निघत."

या रक्ताच्या वाक्याशी त्यांचा आवाज बदलायचा. तो का बदलतो, हे मी शेजारी राहत असल्यामुळे मला माहीत होतं. गावाला वाटायचं की बाईला उपवासाचा राग आहे, बाई नास्तिक आहे. काही नाही. बाई दर गुरुवारी देवळात जायची आणि पुजाऱ्याच्या पोराची फी भरली की नाही, हेही विचारून यायची. राग होता तो एका माणसावर, आणि जीव होता एका माणसात.

जीव होता तो कुसुमताईत. कुसुमताई ही मॅडमची नणंद. हिचं लग्न झालं, आणि दोनेक वर्षांत नवऱ्यानं नागपूरला दुसरं घर मांडलं. सोडचिठ्ठी नाही, भांडण नाही, काही नाही. एक दिवस तिला माहेरी पोचवून दिलं, 'येतो न्यायला' म्हणाला, आणि गेला. पुढे मॅडमचे मिस्टर वारले. लोकांना वाटलं, आता भावजय नणंदेला वाटेला लावेल. मॅडमनी भांड्यांच्या कपाटाची एक किल्ली करून नणंदेच्या कमरेला अडकवली आणि लोकांना म्हणाल्या, "नवरा गेला, नणंद राहिली. जे राहिलं ते तं सांभाळू द्या."

कुसुमताई गरीब गाय. आवाज असा की बाजूच्या खोलीत ऐकू येणार नाही. पण उपवासाच्या बाबतीत ही गाय जागची हलत नसे. सोमवार नवऱ्यासाठी, गुरुवार भावाच्या पोरीसाठी, शनिवार घरावर कोणाची नजर लागू नये म्हणून, वर चतुर्थ्या आणि एकादश्या. त्यात सोमवार सगळ्यात कडक. संध्याकाळी एकदाच खायचं, तेही बोटभर.

"कोणासाठी?" मॅडम ओट्याशी उभ्या राहून विचारायच्या. भिंतीपलीकडे मला सगळं ऐकू यायचं. "तो तिकडे रविवारी मटण खाऊन राहिला, अन् तू इकडे सोमवारी त्याच्यासाठी उपाशी. देवानं तरी हिशोब कसा लावायचा?"

"वैनी, असं नाई बोलावं."

"काहून नाही बोलावं? त्याचं आयुष्य वाढून राहिलं अन् तुझं घटून राहिलं. डोळे पाह्य आरशात. खालची पापणी ओढून पाह्य. पांढरी फट पडली."

कुसुमताई पापणी ओढायची नाही. भांडी घासायला बसायची.

पुढे ती एकदा न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. पोटाचं दुखणं बरेच दिवसांचं होतं, तिनं सांगितलंच नव्हतं. मी दोघींना गाडीत घालून भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरीण बाईंनी तपासलं आणि सांगितलं की गर्भपिशवीचं ऑपरेशन करावं लागेल, टाळता येणार नाही, पण रक्त इतकं कमी आहे की आज हात लावायची माझी हिंमत नाही. गोळ्या देते, सुया देते, पण पोटात अन्न गेलं पाहिजे. रक्त वाढलं नाही तर पुढे अवघड आहे.

"काय काय खाता तुम्ही?" डॉक्टरीण बाईंनी विचारलं.

"मी उपास राहते," कुसुमताई म्हणाली.

"डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, "ही बाई हप्त्यातले बहुतेक दिवस देवाची आहे. उरलेल्या दिवशी माझी आहे. तुम्ही मले इतकंच सांगा, की उरलेल्या दिवसांत मी हिच्यात किती भरू शकते."

परतताना वाटेत चहाला थांबलो. मॅडमनी कुसुमताईच्या हातातला कप काढून घेतला. "गोळी घेतली ना आत्ता? त्याच्यावर चहा नाही. चहा गोळीले काम करू देत नाही." मग तो चहा स्वतः प्यायल्या आणि बाहेर नहराच्या पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी विचारलं, "मॅडम, बरं आहे ना?" तर म्हणाल्या, "मले काय झालं? मी तं भरपेट जेवते."

तेव्हापासून मॅडमची लढाई सुरू झाली. उपवास सोडत नाही ना, मग उपवासाच्या आतच घुसायचं, असं त्यांनी ठरवलं. उपासाला काय काय चालतं याचा त्यांनी असा कसून अभ्यास केला की कोणा भटजीनंही केला नसेल. राजगिरा, खजूर, शेंगदाणे, गूळ, दूध. साबुदाणा घरातून हद्दपार. शेजारच्या बायका फराळाची वाटी झाकून घेऊन आल्या, तर मॅडम ती दारातच घ्यायच्या, म्हणायच्या "फार छान," आणि मागच्या दारी गाईला. गाय खायची. "तिले सांगता येत नाही म्हणून," मॅडम म्हणायच्या.

बाजाराच्या दिवशी मोहाडीच्या रताळेवाल्या त्यांना दुरून पाहून टोपलीवर पोतं ओढायच्या. मॅडम एकेक रताळं हातात घेऊन नखानं खरवडायच्या. "आतून कसं आहे? केशरी आहे का पांढरं?" विकणारी म्हणायची, "बाई, मी का त्याच्या आत जाऊन पायलं?" "मंग विकतं कायले, जे पायलं नाही ते?" असं भांडण रंगायचं, आणि शेवटी दोघी एकमेकींची तब्येत विचारून वेगळ्या व्हायच्या. आमच्या गावात भाव करण्याची ही सभ्य रीत आहे.

मग आली महाशिवरात्र. देवळात दरवर्षी साबुदाण्याच्या उसळीचा महाप्रसाद असतो. त्या वर्षी शहापूरकडच्या एका भक्तानं शेतातलं सुरण पोत्यांनी दान केलं. मॅडमना ही देवाचीच चाल वाटली. कुसुमताई मॅडमच्या हातचं टाळायची, पण देवळातला प्रसाद कधीच परत करायची नाही. मॅडम देवस्थान कमिटीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की या वर्षी सुरणाची भाजी, उकडलेली रताळी आणि राजगिऱ्याचे लाडू. कमिटीचे अध्यक्ष राईस मिलवाले होते. भाषण द्यायला मिळालं की बाकी काही वाढा, अशा मताचे. त्यांनी मान डोलावली.

मॅडमनी आचारी बायकांना बजावून सांगितलं: सुरणाच्या फोडी चिंचेच्या पाण्यात चांगल्या उकडा, ते पाणी फेका, मग फोडणी. चिंच नसेल तर गळा खाजेल. हे इथल्या लहान पोरीलाही माहीत असतं. मॅडम तेवढं सांगून, सुट्टी असली तरी, बोर्डाच्या प्रॅक्टिकलची तयारी लावायला शाळेत गेल्या. तेवढ्यात अध्यक्ष पाहणीला आले. चिंचेच्या पाण्याचं मोठं गंज चुलीवर पाहून त्यांचे डोळे पांढरे झाले.

"चिंच? महादेवाच्या प्रसादात चिंच? आमच्या घरी चिंच उपासाले चालत नाही."

एक बाई म्हणाली, "पण साहेब, सुरण खाजते."

"श्रद्धेनं शिजवा, नाही खाजत."

चिंच गेली गटारात. सुरण श्रद्धेनं शिजलं.

त्या दुपारचं काय वर्णन करू? पहिली पंगत अर्ध्यावर आली आणि माणसं गळ्याला हात लावू लागली. मग कानाच्या आत बोटं घालू लागली. पोरं रडायला लागली, म्हाताऱ्या गूळ मागू लागल्या, कोणी दही आणायला पळालं. भाविकांच्या तोंडून शब्द फुटेनात, फक्त घसे खाकरण्याचा एकच घोष देवळात भरून राहिला. अध्यक्षांनी श्रद्धा जास्त असल्यामुळे भाजीही जास्त खाल्ली होती. माइक हातात आला तेव्हा त्यांची जीभ सुजलेली. 'भक्तहो' एवढंही निघालं नाही. मोहाडीच्या इतिहासात भाषणाशिवाय पार पडलेला तो पहिलाच महाप्रसाद. या एका गोष्टीसाठी मी त्या सुरणाला आजही हात जोडतो.

आळ अर्थातच मॅडमवर आला. 'मॅडमनं गावाले खाज आणली' असं पोरं सायकलवरून ओरडत जायची. मॅडमना त्याचं काही नव्हतं. "चिंच देवाले चालत नाही, खाज चालते," एवढं बोलून त्या घरी आल्या, मी सोबत होतो. घरी कुसुमताई ओट्याला टेकून बसलेली, ओठ सुजलेले, डोळ्यांतून पाणी.

"तू किती खाल्लं?"

"पूर्ण ताट," कुसुमताई कशीबशी म्हणाली.

"गळा खाजत होता तं थांबायचं ना."

"सगळे तुमाले नावं ठेवून राहिले होते, वैनी. म्हटलं एकीनं तरी ताटात टाकू नाई."

मॅडमनी गुळाचा खडा फोडून तिच्या तोंडात घातला.

गुरुवार आणि शनिवार त्यानंतर ढिले झाले. एक चतुर्थी मॅडमनी भांडून मिळवली. रक्त थोडं वर सरकलं. पण सोमवार काही हलेना, आणि सोमवारी एवढं अंग गळून जायचं की मंगळवारचं अन्नही पचत नसे. डॉक्टरीण बाईंनी ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं आणि या वेळी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं की आता फार थांबता येणार नाही.

अशाच एका सोमवारी मी भंडाऱ्याहून राजगिरा घेऊन त्यांच्याकडे गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी बदलीवर लाखांदूर तालुक्यात गेलो, आणि नंतर मॅडमही मुलीकडे राहायला गेल्या. त्यामुळे मॅडम मला शेवटच्या दिसल्या त्या त्या दुपारी.

बैठकीत खुर्चीवर एक माणूस बसला होता. साठीच्या पुढचा, केस काळे केलेले, पायात बूट तसेच, मांडीवर कापडी पिशवी. मॅडम दारात उभ्या होत्या.

"या सर," त्या म्हणाल्या. "हे कुसुमचे मालक. इतक्या वर्षांच्या सोमवारांचं फळ. पाहून घ्या, पिकलेलं आहे."

तो कसनुसा हसला. लाज नावाची वस्तू या माणसानं कधी वापरलीच नसावी, नवी कोरी तशीच ठेवली असावी. तो मलाच सांगू लागला, जणू आम्ही जुने मित्र. ती नागपूरची बाई पोराकडे पुण्याला निघून गेली. घरी कोणी नाही. याला शुगर झाली, जेवण वेळेवर लागतं, हॉटेलचं सोसत नाही. "म्हटलं, शेवटी आपलं माणूस ते आपलं माणूस. कुसुमले घेऊन जातो. तिच्या हातचं पथ्याचं खाईन."

"खा ना," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही त्या विषयाच्या मॅडम आहे म्हणे. शुगरले साबुदाणा चालते का?"

"तुम्हाले चालते," मॅडम म्हणाल्या. "रोज खा. दोन टाइम खा."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साबुदाण्याची शिफारस केली होती, आणि चेहऱ्यावर सुरकुतीही हलली नव्हती.

"नका खाऊ," आतून आवाज आला. कुसुमताई उंबऱ्यात येऊन उभी होती. पदर डोक्यावर घेतलेला. "साखर वाढते त्यानं. वैनी मजाक करून राहिली."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत गेली आणि ताटलीत दोन उकडलेली रताळी आणि शेंगदाणे घेऊन आली, त्याच्यापुढे ठेवलं.

"मले कायले उपासाचं?" तो म्हणाला. "मी कधी सोमवार धरला नाही."

"मले माहीत हाय," कुसुमताई म्हणाली. "पण सोमवारी आमच्या घरी पाहुण्याले हेच असते."

मी राजगिऱ्याची पिशवी घेऊन तसाच उभा. कुसुमताई स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली. तिथून ती बैठकीतूनही दिसत होती.

"वैनी, मले भात वाढा."

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "आज सोमवार आहे, कुसुम," त्या म्हणाल्या. ज्या बाईनं उभ्या गावाचे उपास मोडायला कंबर कसली होती, तिनंच वार आठवून दिला.

"मी महादेवाले बोलली होती, हे एकदा या दारात आले की सोमवार सोडीन. आले. सुटला. वाढा, मले भूक लागली."

मॅडमनी वाढलं. भात, तुरीचं वरण, मेथीची भाजी. मग घाईघाईनं लिंबू कापलं आणि भाजीवर पिळलं, कारण लिंबानं भाजीतलं लोह अंगी लागतं. पिळताना बी भातात पडली, ती त्यांनी बोटानं वेचून काढली. कुसुमताईनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मान खाली घालून, सावकाश, एखादं काम पूर्ण करावं तशी ती जेवत होती.

खुर्चीतला माणूस चुळबुळला. रताळं त्यानं तसंच ठेवलं होतं. "मंग कुसुम," तो म्हणाला, "निघायचं का? बस आहे आत्ता."

कुसुमताईनं वर पाहिलं नाही.

"तुमी निघा," ती म्हणाली. "मी जेवून राहिली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. मग पिशवी काखेत मारली आणि बूट वाजवत निघून गेला. त्याला पोचवायला कोणी दारापर्यंत गेलं नाही.

मॅडमनी भाताचं पातेलं उचललं आणि आणखी भात वाढला. कुसुमताई 'पुरे' म्हणाली नाही. मॅडमच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात चमचा, त्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं. मी पाहतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"काय पाहून राहिले, सर?" त्या डाफरल्या. "भात पाहिला नाही का कधी?"